पाळणाघरचालक आणि आया-ब्युरोंना जाहीर इशारा

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात आया दहा महिन्यांच्या बाळाला लाथा मारताना सीसीटीव्हीत दिसली. त्यानंतर अनेकांनी कॅमेरे लावले. कॅमेऱ्यात मारहाण दिसते, थांबत नाही. बाई कामावर घेण्याआधी तिची चौकशी करा, ही आमची मागणी आहे.

मागणी कसली, कायदाच आहे. पॉक्सो नियम 2020 प्रमाणे मुलांशी रोजचा संबंध येणाऱ्या संस्थेने, त्यात पाळणाघरंही आली, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची आहे. ‘बाई ओळखीची आहे, गावाकडची आहे’ हे उत्तर यापुढे चालणार नाही.

चालकांनो, आजपासून 30 दिवस. पडताळणीचे कागद मागेल त्या पालकाला दाखवा. नाही दाखवलेत, तर 31 व्या दिवशी तुमच्या नावापत्त्यासह लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि बालकल्याण समितीकडे जाईल. बाल न्याय अधिनियमाचं कलम 75 वाचून ठेवा. मुलांचा सांभाळ सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाने, मग तो नोकर असो वा चालक, मुलावर अत्याचार केला किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे. आणि पडताळणीचा खर्च बायकांच्या पगारातून कापू नका. जीव लावून मुलं सांभाळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. चौकशीने त्यांचंच नाव राखलं जातं.

ब्युरोवाल्यांनो, बाळंतिणीच्या घरी बाई पाठवून कमिशन घेता, तर तिची जबाबदारीही घ्या. सरकारने येत्या अधिवेशनात ब्युरोंची नोंदणी आणि पडताळणी सक्तीची करावी. नाहीतर आम्ही उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू.

आता पालकांनो, तुम्हालाही सुनावायचं आहे. पडताळणीत फक्त नोंदलेला गुन्हा दिसतो. बाळाच्या दंडावर वळ दिसले की तुम्ही बाईचा हिशोब चुकता करून तिला गुपचूप काढता. ‘पोलिसांचं झेंगट नको,’ म्हणता. तिचा कागद कोरा राहतो आणि ती दुसऱ्या घरी तान्ह्या बाळाजवळ बसते. तिथे तिने रडणाऱ्या बाळाला रागाने जोरजोरात हलवलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, अंगावर ओरखडाही न दिसता. त्या घराला सावध करणं तुमच्या हातात होतं. संशय आला त्याच दिवशी 1098 या बाल हेल्पलाइनवर फोन करा, आणि बाळाला डॉक्टरांकडे नेऊन दुखापतीची लेखी नोंद घ्या.