डबीमागची बारीक अक्षरे

गेल्या अंकात आपण हिवाळ्यातील सांधेदुखीचा विचार केला. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये अनेकांनी थंडीतल्या दुसऱ्या एका तक्रारीकडे लक्ष वेधले आहे. ती म्हणजे अंगाला सुटणारी कोरडी खाज. ‘आईंना कोणती क्रीम लावू? त्यातले कोणते घटक धोक्याचे?’ असे मुलींनी, सुनांनी आणि काही मुलांनीही विचारले आहे. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर केवळ ‘अमुक क्रीम घ्या’ असे देऊन भागत नाही.

मागील हिवाळ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना घेऊन त्यांची सून माझ्याकडे आली. दोन महिने आजींना खाजेमुळे झोप नव्हती. पोटऱ्यांवर आणि दंडांवर लालसर चट्टे उठले होते, नखांनी ओरबाडलेल्या खुणा होत्या, आणि एका हाताची कातडी इतकी पातळ झाली होती की साध्या धक्क्यानेही जांभळे डाग पडत. “काय काय लावलेत?” असे विचारताच सूनबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. तीतून एक सुवासिक ‘हर्बल’ लोशन, चंदनाची क्रीम, शेजाऱ्यांनी सुचवलेली बुरशीवरची ट्यूब आणि थोडेसे व्हॅसलिन निघाले. “मीच लावत होते हो, रोज दोन वेळा, न चुकता,” असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या सेवेत काहीच उणे नव्हते. उणे होते ते त्या डब्यांवरील बारीक अक्षरांविषयीच्या माहितीत, आणि ती माहिती त्यांना कुणी दिलीच नव्हती.

कोरडेपणा का येतो?

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये म्हणजे त्या विटांना धरून ठेवणारा चुना. वय वाढते तसा तैलग्रंथींचा स्राव घटतो आणि हा चुनाही विरळ होतो. मग आतील ओलावा बाहेर निघून जातो, तर साबण, अत्तर, धूळ यांना आत शिरायला वाट मिळते. कढत पाण्याची दीर्घ आंघोळ आणि अंगभर साबण यांनी उरलासुरला स्निग्धपणाही धुऊन निघतो. म्हणून तरुणपणी जी क्रीम निमूट सोसली, तीच म्हातारपणी बाधू शकते.

चांगल्या मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारची द्रव्ये असतात. ग्लिसरीन, युरिया यांसारखी द्रव्ये पाणी धरून ठेवतात. सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिक आम्ल यांसारखी द्रव्ये खरखरीतपणा मऊ करतात. पेट्रोलेटम, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन ही द्रव्ये वरून झाकण घालून ओलावा अडवतात. ‘सिटाइल अल्कोहोल’ हे नाव वाचून घाबरू नये. ते मेणासारखे स्निग्ध द्रव्य आहे. त्वचा कोरडी पाडणाऱ्या स्पिरिटशी त्याचा संबंध नाही.

अशी नियमित निगा केवळ सौंदर्यासाठी नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसातून दोनदा हातापायांना मॉइश्चरायझर लावल्याने वृद्धांची कातडी फाटून होणाऱ्या जखमा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. तेव्हा भीतीपोटी सगळेच बंद करणे हाही उपाय नव्हे.

ज्यांची भीती अधिक, पण धोका कमी

पहिले नाव पॅराबेनचे. क्रीममध्ये पाणी असते, आणि पाणी आले की जंतू व बुरशी आली. त्यांना रोखण्यासाठी पॅराबेन घालतात. 2004 मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळले आणि जगभर घबराट पसरली. परंतु त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला असे त्यातून सिद्धही होत नव्हते. पॅराबेनचा स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम अतिशय क्षीण असतो. युरोपीय संघाने मिथिल आणि इथिल पॅराबेनला प्रत्येकी 0.4 टक्क्यापर्यंत मुभा दिली आहे, प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा त्याहून खाली आणली आहे, तर काही इतर प्रकारांवर बंदी घातली आहे. अॅलर्जीच्या बाबतीत तर पॅराबेन फारच सौम्य ठरतात. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये त्यांना चक्क ‘अॅलर्जी न करणारे वर्षातील द्रव्य’ म्हणून जाहीर केले.

दुसरे नाव पेट्रोलेटमचे. ‘ते पेट्रोलपासून बनते’ असे म्हणून अनेकजण नाक मुरडतात. ते खनिज तेलापासून मिळते हे खरे, पण औषधी दर्जाचे पेट्रोलेटम पूर्ण शुद्ध केलेले असते. त्यात पाणी नसल्याने टिकवणारी द्रव्ये घालावी लागत नाहीत, आणि त्याची अॅलर्जी अत्यंत विरळ असते. त्याचा खरा धोका निराळाच आहे. त्याकडे पुढे वळू.

ज्यांची भीती कमी, पण धोका अधिक

सुवास हा सर्वांना आवडणारा, पण प्रसाधनांच्या अॅलर्जीचे एक प्रमुख कारण असलेला घटक आहे. वेष्टनावर ‘फ्रॅग्रन्स’, ‘परफ्यूम’ किंवा ‘पारफम’ एवढाच एक शब्द असतो, पण त्यामागे अनेक द्रव्यांचे मिश्रण दडलेले असू शकते. ‘अनसेंटेड’ म्हणजे सुवासरहित असेही समजू नये. मूळ वास झाकण्यासाठी त्यातही सुगंधी द्रव्य असू शकते. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हे शब्द शोधावेत.

‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘केमिकल नाही’ या शब्दांनी क्रीम निर्धोक ठरत नाही. चंदन, गुलाब, लव्हेंडर, टी ट्री यांची तेले नैसर्गिक असली तरी कोरड्या, चिरलेल्या त्वचेला ती बाधू शकतात. लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन कित्येकांना उत्तम मानवते, पण पायावर जुनाट जखम किंवा इसब असलेल्यांना त्याची अॅलर्जी होण्याचा संभव अधिक असतो.

तिसरे नाव थोडे लांबलचक आहे: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पॅराबेनला लोक घाबरू लागल्यावर अनेक उत्पादनांत टिकाऊपणासाठी हे द्रव्य वापरात आले, आणि त्याच्या अॅलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अंगावर तसेच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये ते वापरण्यास युरोपीय संघाने 2017 पासून बंदी केली. ‘पॅराबेन-फ्री’ ही अक्षरे दिसली की पॅराबेनच्या जागी काय घातले आहे तेही पाहावे. ‘डीएमडीएम हायडँटॉइन’, ‘इमिडाझोलिडिनिल युरिया’ ही द्रव्ये हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात. संवेदनशील त्वचेच्या वृद्धांनी तीही टाळलेली बरी.

युरिया हा चांगला घटक आहे, पण त्याचे प्रमाण पाहावे. पाच ते दहा टक्के युरिया ओलावा धरतो, तर वीस टक्क्यांच्या पुढे तो जाड कातडी सोलण्याचे काम करतो. टाचेला ते उपयोगी पडेल, पण चिरा पडलेल्या पोटरीवर लावल्यास आग होईल. लॅक्टिक आम्लाचेही तसेच.

जे मॉइश्चरायझर नव्हेच

आजींच्या हाताची कातडी पातळ झाली ती बुरशीवरच्या ट्यूबमुळे. तिच्यात क्लोबेटासॉल हे अतितीव्र स्टिरॉइड होते. अशा मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणूनच ते फसवे असते. आठवड्यामागून आठवडे लावल्यास त्वचा झिजते, रक्तवाहिन्या उघड्या पडल्यासारख्या दिसतात आणि बुरशी असल्यास ती आतल्या आत फोफावते. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी कोणतेही नाव दिसले की ते औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, ठरलेल्या दिवसांपुरते वापरायचे आहे, हे लक्षात ठेवावे. 2018 मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

रंग उजळवणाऱ्या क्रीमपासूनही दूर राहावे. त्यांतील काहींत पारा असतो आणि तो वेष्टनावर लिहिलेला नसतो. आपल्याकडील प्रसाधन नियमांनुसार अंगाच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दशलक्षांश एक भागापेक्षा अधिक चालत नाही, परंतु बिनपरवाना विकल्या जाणाऱ्या डब्यांत तो हजारो पटींनी अधिक सापडलेला आहे. त्याने मूत्रपिंड बिघडू शकते. वृद्धांचे मूत्रपिंड आधीच थकलेले असते.

देवघरातील समई आणि पदर

आता पेट्रोलेटमच्या खऱ्या धोक्याकडे वळू. त्वचेवरील क्रीम आपणहून पेट घेत नाही. पण रोज लावलेली स्निग्ध क्रीम साडीत, लुगड्यात, चादरीत, पट्टीत मुरते, आणि ते कापड ठिणगी लागताच नेहमीपेक्षा झपाट्याने पेटते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये याविषयी स्पष्ट इशारा दिला. पॅराफिन नसलेल्या क्रीमनाही तो लागू आहे, आणि धुण्याने हा धोका कमी झाला तरी पूर्ण जात नाही. आपल्या घरांत समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि विडी या सगळ्या जागा सांभाळाव्यात. घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या चेहऱ्याला किंवा नाकाला पेट्रोलेटम लावू नये. नाकात खोलवर तर ते कुणीच घालू नये, कारण ते श्वासावाटे फुप्फुसात उतरून न्यूमोनियासारखा विकार होऊ शकतो. तळपायाला क्रीम लावल्यावर मोजे घालावेत, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरायचा.

मग करावे काय?

क्रीम घेताना घटकांची यादी छोटी, सुवास नाही आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक व मुदत छापलेली आहे, एवढे पाहावे. एक टक्क्यापेक्षा अधिक असलेली द्रव्ये उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. त्यामुळे पहिली चार-पाच नावे वाचली तरी बरेच कळते. नवी क्रीम थेट अंगभर लावू नये. कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. लाली किंवा खाज आली नाही तर पुढे जावे.

आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावी. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवावा. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि ते दमट असतानाच क्रीम लावावी. मधुमेह असल्यास पायाच्या बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नये, कारण तेथे ओल साचून बुरशी होते. डबीत बोटे न घालता स्वच्छ चमच्याने क्रीम काढावी. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीच्या हाती डबी लागू देऊ नये.

खर्चिक क्रीम हवीच असे नाही. साधे पेट्रोलेटम, सुवास न घातलेले खोबरेल, टाचांच्या भेगांसाठी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे भिरंडेल, हे मानवत असेल तर पुरेसे आहे.

मात्र तीन आठवडे नीट निगा राखूनही खाज थांबली नाही, घरातील इतरांनाही रात्री खाज सुटू लागली, किंवा वजन घटले, डोळे पिवळे दिसले, तर क्रीम बदलत बसू नये. खरूज, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. घरात असलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या डॉक्टरांकडे सोबत न्याव्यात. ती पिशवी फार काही सांगून जाते.

आजींच्या पिशवीतील तीन गोष्टी आम्ही बंद केल्या आणि व्हॅसलिन तेवढे ठेवले. स्टिरॉइड थांबवल्यावर पहिले काही दिवस खाज वाढली, तेव्हा सूनबाईंचा धीर सुटू लागला होता. परंतु महिन्याभराने दोघी आल्या तेव्हा आजी म्हणाल्या, “आता रात्री हिला उठवावं लागत नाही.” पातळ झालेली कातडी पुरती पूर्ववत होणार नाही, हे मात्र त्यांना सांगावे लागले.

पुढील अंकात मधुमेही व्यक्तींच्या पावलांची निगा याविषयी पाहू.