नोंदी सरकारकडे, पुरावा मात्र विधवेने द्यायचा

जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना एका नाईकाला कडाक्याच्या थंडीत श्वास घेता येईना. हृदय बंद पडून तो गेला. पत्नीने उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मागितले, म्हणजे पतीच्या शेवटच्या वेतनाइतकी रक्कम. हा युद्धातला मृत्यू धरता येत नाही, असे केंद्र सरकारचे म्हणणे. सैन्यदल न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ते अपील तर फेटाळलेच, वर या बाईला कोर्टात खेचायलाच नको होते असे सुनावून तिला ५० हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले. या सगळ्यात जवळजवळ १२ वर्षे गेली.

केंद्राला नावे ठेवताना महाराष्ट्राने कॉलर ताठ करावी असेही काही नाही. मे २०२० मध्ये हंदवाड्यात मेजर अनुज सूद धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. राज्याची आर्थिक मदत मागायला पत्नी गेली, तर जन्म महाराष्ट्रातला हवा किंवा सलग १५ वर्षांचे वास्तव्य हवे, असा नियम आडवा आला. ज्याचे बिऱ्हाड बदलीच्या आदेशावर हलते, त्याच्याकडे सलग १५ वर्षे कुठून येणार? २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर ‘विशेष बाब’ म्हणून १ कोटी रुपये मंजूर झाले. नियम चुकीचा असेल तर तो बदलायचा असतो. इथे तो जागेवर ठेवून एका कुटुंबापुरता बाजूला सारला गेला.

योजनांचा तुटवडा आहे, अशी ओरड कुणी करू नये. आरोग्यासाठी २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची योजना आहे. समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि दर ५ वर्षांनी त्याची फेररचना होते. राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, घरपट्टीत माफी आहे, सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे आहेत. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. जवान भरती कधी झाला, लग्न कधी केले, कुठे जखमी झाला, हे सगळे सरकारच्याच दप्तरात आहे. तरी ते सिद्ध करायची जबाबदारी मात्र घरच्यांवर.

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे मिलिटरी घ्या. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले हे गाव. अशा गावांतून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तीत नवऱ्याचे डिस्चार्ज बुक, घडीवर फाटलेला पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे पासबुक आणि आधार. पलटणीत असताना नवऱ्याने रेकॉर्डला लावलेले बायकोचे नाव लग्नानंतरचे. शाळेचा दाखला असलाच तर त्यावर माहेरचे नाव, कारण आपल्याकडे मुलगी बोहल्यावर चढली की तिचे नावच बदलायची रीत होती. आधारवर त्याच नावाला ‘बाई’ चिकटलेले. मग, ‘आजी, ही तुम्हीच कशावरून?’ इथून सुरुवात होते आणि प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, राजपत्रातली नोंद अशा चकरा सुरू होतात. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, निवृत्तिवेतनाचे मुख्य कार्यालय प्रयागराजला. आजीला तालुक्याला जायचे तरी सोबतीला नातू लागतो.

जन्मतारखेची कथा याहून खर्चिक आहे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३० टक्क्यांनी, आणि शंभरी गाठली तर दुप्पट होते. पण पीपीओवर बायकोची जन्मतारीखच नसेल तर ८० कधी झाली हे ठरवायचे कसे? ‘गांधीवधाच्या आधी दोन-तीन वर्षे’ हे उत्तर संगणकाला चालत नाही. वाढ मागायला गेले नाही तर आपणहून कुणी द्यायला येत नाही, आणि अशी काही वाढ असते हेच कित्येकींना ठाऊक नसते.

निवृत्तिवेतनाची ‘स्पर्श’ ही ऑनलाइन प्रणाली आल्यापासून काही बरे झाले, हे मान्य करायला हवे. देशभरातल्या ३० लाखांहून अधिक संरक्षण निवृत्तिवेतनधारकांचा हिशेब एका जागी आला, बँकेच्या कारकुनाची मर्जी संपली, आपला पीपीओ घरबसल्या पाहता येऊ लागला. ज्याला पाहता येतो त्याला. बाकीच्यांचा ओटीपी मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवर जातो, आणि हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते.

नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने काही अनुदाने दुप्पट केली. निवृत्तिवेतन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि विधवांना महिन्याला ४ हजारांऐवजी ८ हजार रुपये, मुलांच्या शिक्षणासाठी १ हजारांऐवजी २ हजार, लग्नासाठी ५० हजारांऐवजी १ लाख. निर्णय चांगला आहे. पण हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो, म्हणजे ७ डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून डबे फिरवून लोकांकडून गोळा होतो त्या निधीतून. ज्याने देशासाठी बंदूक उचलली त्याच्या म्हातारपणाची भाकरी देणगीवर का अवलंबून असावी, ती थेट अर्थसंकल्पातून का येऊ नये, हा प्रश्न संसदेत महाराष्ट्राच्या खासदारांनी विचारायला हरकत नाही.

निदान या जुन्या मंडळींना माजी सैनिक हा दर्जा तरी आहे. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीचे ४ वर्षांनी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू पावला. नियमानुसार त्याच्या कुटुंबाला विम्याचे ४८ लाख आणि सानुग्रह ४४ लाख रुपये देय होते, मात्र दरमहा निवृत्तिवेतन नाही. त्याच हिमनदीवर त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या नियमित जवानाच्या घरच्यांना ते आयुष्यभर मिळाले असते.

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये गावोगावी परतेल. दिल्लीने नियम बदलेपर्यंत थांबायची राज्याला गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या कक्षेत या मुलांना घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळ करू शकते. त्याच बैठकीत मृत्युनोंदणी या कार्यालयांशी जोडावी. म्हणजे माजी सैनिक गेल्याचे ग्रामपंचायतीने नोंदवताच कार्यालयाचा कल्याण संघटकच विधवेच्या दारी जाईल, तिचे नाव आणि जन्मतारीख तिथेच बसून दुरुस्त करील, आणि पिशवी घेऊन साताऱ्याची एसटी पकडायची वेळ तिच्यावर येणार नाही.