शेकडा किती, आणि किती वर्षांत?

‘म्युच्युअल फंडात पैसे दुप्पट होतात’ हे वाक्य आज शहरातल्या कचेरीपासून गावच्या पारापर्यंत सर्वत्र ऐकू येते. ‘किती वर्षांत?’ असे विचारणारा मात्र विरळाच. हे गणित वाणिज्य शाखेचे, आपल्याला काय त्याचे, असे आपण कला शाखेचे विद्यार्थी मानतो. हा समज घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुप्पटीचेच उदाहरण घेऊ. दहा हजारांचे दहा वर्षांत वीस हजार झाले, की कोणी ‘शंभर टक्के फायदा’ म्हणतो, तर कोणी दहाने भागून ‘वर्षाला दहा टक्के’ सांगतो. पण चक्रवाढीने हिशेब केला तर हा दर दरसाल सुमारे ७.२ टक्केच पडतो. त्याच काळात महागाई दरसाल ५ टक्क्यांनी वाढली असेल, तर खरी वाढ दोन टक्क्यांच्या आसपास उरते.

सरासरी तर याहून फसवी. मुंबई शेअर बाजाराचा ‘सेन्सेक्स’ हा निर्देशांक २००७ अखेर सुमारे २०,२८७ होता. २००८ अखेर तो ९,६४७ वर आला. म्हणजे ५२ टक्के घट. २००९ अखेर तो १७,४६५ झाला. म्हणजे ८१ टक्के वाढ. दोन्ही वर्षांची सरासरी काढली तर दरसाल १४ टक्क्यांहून अधिक नफा दिसतो! प्रत्यक्षात मात्र शंभराचे ८६ झाले होते. कारण उघड आहे. शंभराचे पन्नास झाले, की पुन्हा शंभर व्हायला पन्नास नव्हे, शंभर टक्के वाढ लागते.

कधी उलटेही घडते. दरमहा १,००० रुपयांचा हप्ता भरून वर्षअखेर १२,६०० मिळाले, तर नफा पाच टक्के वाटतो. पण पहिला हप्ता बारा महिने राहिला आणि शेवटचा एकच महिना. पैसा सरासरीने साडेसहा महिनेच गुंतला होता. म्हणून वार्षिक दर नऊ टक्क्यांच्या वर जातो. तेव्हा फंड चांगला की वाईट, हा माझा वाद नाही. मोजमाप खरे असावे, एवढेच म्हणणे आहे.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखे घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आहेत. घरी छापील कागद आला, की ‘तू शिकलेला, बघ काय लिहिलंय’ म्हणून तो आपल्याच हाती दिला जातो. त्यामागे दुधाच्या, कांद्याच्या पट्टीतून वर्षानुवर्षे मागे टाकलेली पुंजी असते. अशा वेळी कवितेतली प्रतिमा उलगडता येते, पण टक्क्याचा अर्थ सांगता येत नाही, हे शिक्षण अपुरे नव्हे काय?

प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की वर्षातून चार तास तरी या विषयाला द्यावेत. तोवर आपण निदान तीन प्रश्न विचारू या. मुदत किती? दर चक्रवाढीचा आहे काय? आणि त्याच मुदतीत बँकेच्या ठेवीने किती दिले असते? उत्तर मिळाल्याखेरीज वडिलांना सही करू देऊ नये.