उभ्या गाडीचा काय गुन्हा?

गेल्या कार्तिकातली गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती आणि करमाडच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जालना रोडवर शेंद्र्याच्या कारखान्यांचे कंटेनर, त्यात कापसाच्या ट्रॉल्या, त्यात आपण. मी गाडी चांगली रस्त्याच्या खाली उतरवून लावली आणि भाजीला गेले. वीस मिनिटांत परत आले तर गाडीभोवती दहा-बारा पुरुषांचं कोंडाळं. डिकीला खोल पोचा, टेललॅम्पचा चुरा, बंपर एका बाजूने लोंबतोय. वळताना ट्रॉलीचा कोपरा लागला होता.

मी काही बोलायच्या आतच धाकटे दीर पुढे आले. "वहिनी, मिटवलंय. मामा पाच हजार देतात. तुम्ही फक्त ह्या कागदावर सही करा."

कागदावर लिहिलं होतं : 'आमची काही तक्रार नाही.' रक्कम ठरली, माणसं ठरली, चहासुद्धा सांगून झाला होता. माझी आठवण झाली ती केवळ आरसी बुकावर नाव माझं आहे म्हणून! ट्रॅक्टरवाले मामा जाऊबाईंच्या माहेरच्या गावचे, त्यामुळे वाकडं बोलायचीही चोरी. तरी मी म्हटलं, "भाऊजी, आधी गॅरेजवाल्याला विचारू. सही उद्या."

मैत्रिणींनो, त्या एका रात्रीत मला विम्याबद्दल जे कळलं, ते गेली चार वर्षं प्रीमियम भरताना एकाही एजंटाने सांगितलं नव्हतं.

पहिला प्रश्न, पैसे द्यायचे कुणी? कायद्याने प्रत्येक वाहनाला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. म्हणजे त्या वाहनाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. इथे ती दुसरी म्हणजे मी. मालमत्तेच्या नुकसानीसाठी हे संरक्षण साधारण साडेसात लाखांपर्यंत असतं, माझा बंपर त्यात कुठेच हरवून गेला असता. मुलाने मोबाइलवर 'एमपरिवहन'मध्ये ट्रॅक्टरचा नंबर टाकला. विमा दीड वर्षापूर्वी संपलेला! दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं तर म्हणाले, "ताई, शेतातच तर चालतो, विमा कशाला?" आता बाजारात काय शेत होतं? आणि ट्रॉलीचा विमा वेगळा लागतो, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं.

मामा एकटे नाहीत. देशातल्या रस्त्यांवरची निम्म्याच्या आसपास वाहनं विम्याशिवाय धावतात, असं सरकारी आकडे सांगतात. पकडलं तर पहिल्या खेपेला दंड दोन हजार, पुढच्या खेपेला चार हजार. प्रीमियमपेक्षा दंड स्वस्त पडतो आणि गावाकडे पकडतंय कोण!

बरं, समोरच्याचा विमा असता तरी पैसे लगेच हातात पडले नसते. त्याच्या कंपनीकडून भरपाई हवी आणि ती राजी नसेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. बंपरसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? विमा कंपन्यांमध्येही आपसात एक जुना समझोता आहे : ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाच्या गाडीचं भागवायचं. म्हणून फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, तुमच्याच पॉलिसीवर क्लेम करा ना."

करा ना! मी वही-पेन घेऊन बसले. गॅरेजचा अंदाज १८,४०० रुपये. बंपर ५,०००, टेललॅम्प ३,०००, पोचा काढायची मजुरी ४,४००, रंगकाम ६,०००. प्लास्टिकच्या भागांवर कंपनी निम्मे कापते, म्हणजे ८,००० चे ४,०००. रंगकामातला पाव हिस्सा सामानाचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात, म्हणजे ७५०. वर छोट्या गाडीला पहिले हजार रुपये आपलेच. हातात येणार १२,६५०. ('झिरो डेप' घेतलेलं असेल तर ही कापाकापी होत नाही, हजार मात्र जातातच.)

आता दुसरी बाजू. दरवर्षी क्लेम केला नाही की नूतनीकरणात सवलत मिळते, तो 'नो क्लेम बोनस'. २० टक्क्यांपासून २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मी ३५ वर होते, पुढच्या वर्षी ४५ मिळणार होते. एक क्लेम केला की थेट शून्य, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीआधी ८,००० धरला आणि तो तसाच राहिला असं मानलं, तर पुढच्या पाच वर्षांत ९,६०० रुपयांची सवलत जाते. त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळवला की ११,३२८. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, गाडीच्या विम्यावरचा मात्र आहे तिथेच आहे.)

म्हणजे सर्व्हेअर, फॉर्म, फेऱ्या सगळं करून माझ्या पदरात खरे तेराशे रुपये. आणि ज्याने ठोकली त्याला दमडीचाही भुर्दंड नाही. उभ्या गाडीचा, तिच्या मालकिणीचा काय गुन्हा? गाडी दुरुस्तच होऊ शकत नाही इतकं मोठं नुकसान असेल तर क्लेम जरूर करावा, सवलतीकडे बघू नये. पण पंधरा-वीस हजारांच्या कामाला आधी हा हिशेब मांडावा.

जालन्याच्या माझ्या मावसबहिणीला तर हिशेब मांडायचीही वेळ आली नाही. तिची गाडी दीड वर्षाची. रात्री घरासमोर लावलेली, पहाटे बघते तर दार आत गेलेलं, ठोकणारा पसार. ती निवांत होती, "आपला तीन वर्षांचा विमा आहे." सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो हे खरं, पण तो फक्त थर्ड पार्टीचा! आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि तो दरवर्षी वेगळा काढावा लागतो. तिचा सहा महिन्यांपूर्वीच संपला होता. हे वाचून झालं की उठून आपली पॉलिसी काढा आणि 'ओन डॅमेज' पुढची तारीख बघा. दोन तारखा वेगवेगळ्या असतात. पोलीस एकच बघतात, आपल्याला मात्र दुसरीच लागते.

तर मामांचं काय झालं? मी पाच हजारांच्या कागदावर सही केली नाही. तशी सही करून नंतर क्लेमला गेलं तर कंपनी म्हणू शकते, तुम्ही आम्हाला न विचारता परस्पर मिटवलं, आता आमच्याकडे कशाला आलात? सगळ्या बाजूंनी फोटो काढले, ट्रॉली आणि तिच्यामागचा नंबर दिसेल असे. कंपनीला फोन करून नुसतं कळवून ठेवलं, दुरुस्तीला हात लावला नाही, कारण सर्व्हेअरने बघायच्या आत काम केलं तर क्लेम अडतो. ठाण्यात जाऊन नोंद केली. तिथे दीर माझ्याबरोबर आले, थोडे अवघडले होते, पण आले.

मग मामांना घरी बोलावलं. जाऊबाईंनी पोहे केले. मी वही पुढे ठेवली आणि सगळा हिशेब वाचून दाखवला. मामा बराच वेळ बंपरच्या आकड्याकडे बघत राहिले. "प्लास्टिकचे पाच हजार?" त्यांचा कापूस अजून घरातच पडून होता, हेही मला दिसत होतं. पंधरा हजारांवर ठरलं, वरचे ३,४०० माझे. नवा कागद मी माझ्या हाताने लिहिला : तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, नुकसान कसं झालं, पैसे कधी कधी द्यायचे. 'तक्रार नाही' ही ओळ शेवटचा रुपया आल्यावर. दिरांनी साक्षीदार म्हणून सही केली.

क्लेम करणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. कंपनीने नाकारलं किंवा फारच कापलं तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर आपल्या भागासाठी पुण्याला विमा लोकपाल आहेत. फी नाही, वकील नको. जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही.

मामांनी सहा हजार त्याच दिवशी दिले, सहा कापूस विकल्यावर. तीन हजार अजून यायचेत. अर्जाची मुदत वैशाखात संपते, ती तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. जाऊबाई म्हणतात, येतील.