विश्लेषण : डबा लपवा, पण आधी परवानगी घ्या! अमेरिकेतील स्टेट पार्कमध्ये जिओकॅशिंगचे नियम काय सांगतात?

मोबाइलमधील जीपीएसच्या मदतीने कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत आपले नाव लिहायचे आणि डबा जिथे होता तिथेच परत ठेवायचा, एवढाच जिओकॅशिंगचा खेळ. जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. डबा शोधणाऱ्याला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. लपवणाऱ्याला मात्र लागते. सार्वजनिक उद्यानात प्लॅस्टिकचा एक डबा ठेवण्यासाठी सरकारी अर्ज कशाला, हा प्रश्न अमेरिकेत या खेळाइतकाच जुना आहे. वॉशिंग्टन राज्याने त्याला दिलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

खेळाची सुरुवात कशी झाली?

मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर नागरी वापरासाठीच्या जीपीएस संदेशांत मुद्दाम त्रुटी ठेवत असे. त्यामुळे दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत १०० मीटरपर्यंत फरक पडे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानंतर २ मे रोजी ही त्रुटी काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याचा डबाबंद पदार्थही होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. ते चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल येथे आहे.

स्टेट पार्क म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत नॅशनल पार्क केंद्र सरकारच्या, तर स्टेट पार्क त्या त्या राज्याच्या ताब्यात असतात. स्टेट पार्कला आपल्याकडच्या अभयारण्यासारखे समजणे चूक ठरेल. तिथे तंबू ठोकता येतो, होडी चालवता येते, सहलीला जाता येते. वॉशिंग्टन राज्यात अशी १२० हून अधिक उद्याने आहेत. लोकांनी यावे हाच त्यांचा हेतू असल्याने जिओकॅशिंग त्यांना परके वाटत नाही.

नॅशनल पार्कमध्ये स्थिती वेगळी आहे. तिथे कोणतीही वस्तू २४ तासांपेक्षा अधिक काळ बेवारस ठेवण्यास आणि जमीन उकरण्यास केंद्रीय नियमांनुसार मनाई आहे. त्यामुळे बहुतेक नॅशनल पार्कमध्ये डबा लपवता येत नाही. स्टेट पार्कबाबत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे.

वॉशिंग्टनचा नियम काय?

या राज्याने जिओकॅशिंगसाठी उद्यानांच्या नियमावलीत स्वतंत्र कलमच घातले आहे. डबा ठेवण्यापूर्वी विहित अर्जावर लेखी परवानगी घ्यावी लागते; नसल्यास डबा उचलला जाऊ शकतो. परवानगी मिळाल्यावर मालकाने साधारण दर ९० दिवसांनी डबा तपासायचा आणि तशी नोंद वहीत किंवा संकेतस्थळावर करायची. उद्यान व्यवस्थापकाला डबा हटवावासा वाटला, तर मालकाला फोन किंवा ई-मेलने कळवले जाते. १० दिवसांत तो नेला नाही, तर त्याची विल्हेवाट लावली जाते. डब्यात वही असणे सक्तीचे आहे. खाद्यपदार्थ, औषधे, अमली पदार्थ, अश्लील साहित्य आणि कोणत्याही प्रकारचे शस्त्र ठेवण्यास बंदी आहे. थोडक्यात, उल्मर यांची ती पहिली बादली आज इथे मंजूर होणे कठीण!

एका डब्याने असे काय बिघडते?

डबा स्वतः फारसे नुकसान करत नाही, नुकसान होते ते त्याच्यापर्यंत जाणाऱ्या पावलांनी. पायवाटेपासून २० मीटर आत ठेवलेल्या डब्याकडे शंभर माणसे गेली की तिथे नवी वाट तयार होते. शोधताना लोक दगड उलटतात, ढोलीत हात घालतात, शेवाळ उखडतात. तिथे पक्ष्याचे घरटे किंवा दुर्मीळ वनस्पती आहे का, हे डबा लपवणाऱ्याला माहीत असतेच असे नाही. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना ते माहीत असण्याची शक्यता अधिक.

दुसरा मुद्दा वारशाचा. वॉशिंग्टनच्या अनेक उद्यानांच्या जमिनीत मूलनिवासी जमातींच्या वसाहतींचे अवशेष आहेत. अशा जागा जाणूनबुजून जाहीर केल्या जात नाहीत, कारण जाहीर केल्या तर चोर उकरतील. म्हणजे अर्जदाराला नकाराचे नेमके कारण कधी कधी सांगताही येत नाही. साउथ कॅरोलायना राज्यात २००५ मध्ये दफनभूमी व ऐतिहासिक स्थळी परवानगीविना हा खेळ खेळणे गुन्हा ठरवणारे विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले होते. सिनेटमध्ये ते अडले, पण खेळाडूंना इशारा मिळाला.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. दारूगोळ्याच्या जुन्या लोखंडी पेट्या पाणी आत शिरू देत नाहीत, म्हणून खेळाडूंच्या त्या आवडत्या. पण अनोळखी माणसाला त्या पाहून बॉम्बची शंका येते. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ मध्ये असाच एक डबा लष्कराच्या पथकाने स्फोट करून नष्ट केला होता.

संकेतस्थळाची मंजुरी पुरेशी नाही का?

नाही. संकेतस्थळाचे स्वयंसेवक परीक्षक प्रत्येक नोंद तपासतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, खड्डा खणलेला नसावा, असे त्यांचे नियम आहेत. पण जमीनमालकाची परवानगी घेणे ही डबा ठेवणाऱ्याचीच जबाबदारी असते. परीक्षक प्रत्यक्ष जागेवर जात नाही.

खरी अडचण पुढे येते. छंद सुटला किंवा मालक दुसऱ्या गावी गेला, की नोंद संकेतस्थळावरून हटवली जाते. डबा मात्र झाडाखालीच राहतो. मालकाचे नाव-पत्ता उद्यानाकडे नसेल, तर तो निव्वळ कचरा. अर्जाचे आणि ९० दिवसांच्या तपासणीचे खरे मोल इथे आहे. ‘हा डबा कुणाचा?’ याचे उत्तर देणारा माणूस त्यामुळे कागदावर राहतो.

खेळाडूंचा आक्षेप कशाला?

परवानगी उद्यानाच्या पातळीवर ठरत असेल, तर ती त्या व्यवस्थापकाच्या मतावर अवलंबून राहते. एका उद्यानात स्वागत, शेजारच्या उद्यानात थंड प्रतिसाद, असे होऊ शकते. कर्मचारी कमी असले की अर्ज पडून राहतो आणि मग काहींना गुपचूप डबा ठेवण्याचा मोह होतो. अशा डब्यांवर मात्र कुणाचेच लक्ष राहत नाही. म्हणजे प्रक्रिया जितकी संथ, तितका तिचा मूळ हेतू फसतो.

उद्यानांनाही या मंडळींची गरज आहे. वॉशिंग्टनमध्ये २०११ पासून उद्यानात गाडी नेण्यासाठी ‘डिस्कव्हर पास’ काढावा लागतो आणि त्या पैशांवर व्यवस्था बरीचशी चालते. उद्यान व्यवस्थेच्या २०१३ मधील शताब्दीनिमित्त जिओकॅशिंगचाच उपक्रम आखला गेला, तो उगाच नव्हे.

परवानगी मिळण्याची शक्यता कशी वाढते?

सिॲटल-बेलव्ह्यू परिसरातील मराठी कुटुंबांसह कुणालाही लागू पडणारे काही साधे उपाय आहेत. आधी डबा ठेवून मग विचारू नये. पायवाटेला लागून असलेली, जिथे काही उकरावे-तोडावे लागणार नाही अशी जागा सुचवावी आणि सोबत एक-दोन पर्यायी जागाही द्याव्यात. डबा पारदर्शक असावा आणि त्यावर खेळाचे नाव ठळक लिहावे. वर्षातून चारदा तिथे जाणे जमणार नसेल, तर अर्जच करू नये.

जागा नाजूक म्हणून नकार आला, तरी ‘अर्थकॅश’चा पर्याय उरतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहभागाने सुरू झालेल्या या प्रकारात डबाच नसतो. खेळाडू त्या जागी जाऊन खडक, धबधबा किंवा किनारा निरखतो आणि प्रश्नांची उत्तरे देतो. त्यासाठीही जागेच्या व्यवस्थापनाला विचारावे लागू शकते. पण मागे काहीच ठेवायचे नसल्याने होकार मिळणे तुलनेने सोपे.