गुप्त नव्हे, प्रकाशित : टस्कीगी आणि वैद्यकीय नियतकालिकांचे मौन

१/ टस्कीगी प्रयोगाविषयी समाजमाध्यमांवर जे काही पुन्हा पुन्हा फिरते, त्यातील बहुतेक मजकुराची सुरुवात ‘एक गुप्त प्रयोग’ या शब्दांनी होते. हा धागा त्या एका विशेषणाविरुद्ध आहे. ते विशेषण चुकीचे तर आहेच. शिवाय त्याच्या आडोशाने काही अपराधी सहीसलामत निसटतात.

२/ आधी घटना. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात, टस्कीगी गावाच्या परिसरात, सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे. ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस, झालेला होता. २०१ जणांना नव्हता. रोग्यांना रोगाचे नाव सांगितले गेले नाही, ‘तुमचे रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले गेले. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी करायची होती, तेव्हा पत्रातून तिला ‘खास मोफत उपचार’ म्हटले गेले. उपचाराविना हा रोग माणसाला कुठवर नेतो हे त्याच्या मृत्यूपर्यंत पाहायचे आणि मग शवविच्छेदन करायचे, असा हा अभ्यास. १९४०च्या दशकाच्या मध्यापासून पेनिसिलिनचा खात्रीचा उपचार हाती होता. पाहणे तरीही १९७२ पर्यंत चालूच राहिले.

३/ जाता जाता दुसरी एक समजूत. या पुरुषांना रोग टोचण्यात आला नव्हता. मुद्दाम लागण करण्याचे प्रयोग त्याच आरोग्य सेवेने १९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालात केले. त्यांचे निष्कर्ष कधी छापले गेले नाहीत. इतिहासकार सुसान रेव्हर्बी यांना जुन्या कागदपत्रांत ते सापडले आणि २०१० मध्ये जगाला कळले. गुप्त म्हणतात ते याला.

४/ टस्कीगीचे तसे मुळीच नव्हते. पहिला निबंध १९३६ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मुखपत्रात, म्हणजे ‘जामा’त. शीर्षकातच दोन गोष्टी उघड होत्या : रोगी कृष्णवर्णीय पुरुष आहेत, आणि त्यांच्यावर उपचार झालेले नाहीत. आतला निष्कर्षही स्पष्ट होता. रोग्यांपैकी जेमतेम १६ टक्के लोकांत आजाराची काही खूण नव्हती. निरोगी गटात हेच प्रमाण ६१ टक्के होते. म्हणजे उपचार न केल्यास काय होते, हे चौथ्याच वर्षी छापून आले होते. त्यानंतर छत्तीस वर्षे आणखी काय पाहायचे होते?

५/ पुढे डझनभर निबंध निघाले. १९५३ साली ‘पब्लिक हेल्थ रिपोर्ट्स’ने वीस वर्षांच्या अनुभवावर लेख छापला. रोग्यांशी सतत संपर्क ठेवणाऱ्या परिचारिका युनिस रिव्हर्स त्याच्या पहिल्या लेखिका. हा लेख म्हणजे जवळजवळ एक मार्गदर्शिकाच आहे : माणसे दरवर्षी तपासणीला यावीत म्हणून त्यांना मोटारीतून कसे आणायचे, गरम जेवण कसे द्यायचे आणि शवविच्छेदनाला कुटुंबाची संमती मिळावी म्हणून अंत्यसंस्काराच्या खर्चाचा कसा उपयोग होतो. हा पैसा मिलबँक मेमोरियल फंड देत असे. (त्या संस्थेने माफी मागितली २०२२ मध्ये.) १९५५ साली दुसऱ्या एका नियतकालिकाने शवविच्छेदनांचे निष्कर्ष छापले : तपासलेल्या रोग्यांपैकी ३० टक्क्यांहून थोडे अधिक थेट उपदंशानेच दगावले होते. संपादकांनी वाचले, समीक्षकांनी वाचले, ग्रंथालयांनी अंक बांधून कपाटात लावले. मराठीत या वर्गातल्या आजारांना आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो; इथे रोग तेवढा गुप्त, बाकी सारे छापील.

६/ ‘त्या काळची नीतिमूल्येच वेगळी होती, आजच्या कसोट्या भूतकाळाला लावू नयेत,’ हा युक्तिवाद इतिहासाच्या विद्यार्थ्यांना फार आवडतो. तो इथे टिकत नाही. त्याच काळाची तारीखवार साक्ष त्याच्या विरुद्ध उभी आहे.

७/ १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे अमेरिकन न्यायाधीशांसमोर नाझी डॉक्टरांचा खटला संपला. माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती ही प्रयोगाची पहिली अट ठरली. जून १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे आपला जाहीरनामा स्वीकारला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने टस्कीगीच्या तिसाव्या वर्षाचा अहवाल छापला. तेही अमेरिकन वैद्यक संघटनेचेच नियतकालिक.

८/ तो अहवाल डेट्रॉइटमधील आयर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरने वाचला. त्याच्याकडे कोणतीही गोपनीय माहिती नव्हती. सर्वांना मिळत होता तोच अंक त्याच्या हातात होता. परिणामकारक उपचार असताना रोग्यांना मरू दिले जाते याचा धक्का बसल्याचे त्याने १९६५ मध्ये लेखकांना लिहून कळवले. लेखकांपैकी एका डॉक्टरने त्या पत्रावर शेरा मारला : असे पत्र पहिल्यांदाच आले आहे, उत्तर देण्याचा विचार नाही. पत्र फाइलमध्ये गेले. तेव्हा ‘काळच तसा होता’ असे म्हणणाऱ्यांनी आधी शॅट्झ कोणत्या काळात राहत होता ते सांगावे. ‘असे पत्र पहिल्यांदाच’ हे शब्द मात्र मला त्या शेऱ्यातील उद्धटपणापेक्षा अधिक भयंकर वाटतात. एकोणतीस वर्षांचे वाचक कुठे होते?

९/ याच सुमारास हार्वर्डमधील भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी रोग्यांना अंधारात ठेवून केलेल्या संशोधनाची उदाहरणे गोळा केली, तीही प्रकाशित निबंधांतूनच. ‘जामा’ने त्यांचा लेख नाकारला. टस्कीगीचा पहिला निबंध छापणारे हेच ते ‘जामा’. अखेर जून १९६६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २२ उदाहरणांसह तो छापला; पण संशोधकांची नावे आणि मूळ निबंधांचे संदर्भ गाळून. बीचर यांचे धैर्य मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, ही व्यवसायबंधूंची अब्रू राखणारी टीका होती. रोग्यांच्या बाबतीत एवढी हळुवारता कुणी दाखवली नव्हती.

१०/ बरे, नीती बाजूला ठेवून निव्वळ शास्त्र म्हणून तरी हे काम चोख होते का? ‘उपचार न झालेल्या’ रोग्यांपैकी अनेकांना सुरुवातीला पारा आणि आर्सेनिकची औषधे थोडीफार दिली गेली होती. १९५२पर्यंत जवळजवळ ३० टक्के लोकांना इतरत्र कुठे ना कुठे पेनिसिलिन मिळालेले होते. म्हणजे शीर्षकातील शब्दच खरा उरला नव्हता. साध्या पद्धतीच्या कसोटीवरही संपादकांनी हे परत पाठवायला हवे होते.

११/ शेवट नियतकालिकांमुळे झाला नाही. आरोग्य सेवेतील पीटर बक्स्टन १९६६ पासून आतून तक्रार करीत होते. १९६९ मध्ये एका तज्ज्ञ समितीने अभ्यास चालू ठेवण्याचाच सल्ला दिला. अखेर बक्स्टन यांनी दिलेल्या माहितीवरून असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांनी २५ जुलै १९७२ रोजी बातमी दिली आणि काही महिन्यांत अभ्यास बंद झाला. तेव्हा रोग्यांपैकी ७४ जण जिवंत होते. इतके होऊनही १९७३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्रॉनिक डिसीजेस’ने याच माणसांच्या हृदयावर आणखी एक निबंध छापला! जाहीरनाम्यातील तत्त्वे मोडून केलेले संशोधन छापायला स्वीकारू नये, हे कलम हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात आले १९७५ साली, टोकियोच्या बैठकीत. आधी वर्तमानपत्र, मग नियम. हा क्रम लक्षात ठेवावा.

१२/ हे सारे अमेरिकेतील वंशद्वेषाचे जुने प्रकरण म्हणून मिटवू पाहणाऱ्यांसाठी घराजवळचे एक उदाहरण. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवरील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला अभ्यासातर्फे कोणतीही चाचणी दिली नव्हती; त्यात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. याची टस्कीगीशी बरोबरी मी करीत नाही : इथे कुणाला खोटा उपचार दिला नव्हता, चाचणी कुठे मिळेल हे सांगितले होते, आणि ग्रामीण भारतात तेव्हा अशी नियमित तपासणी नव्हतीच, असे संशोधकांचे म्हणणे आहे. पण जी सोय परदेशातील स्त्रीला सहज मिळते, तिच्या अभावाला ‘स्थानिक प्रचलित सेवा’ म्हणून तुलनेचा गट उभा करावा का, हा प्रश्न छापण्याआधी विचारण्याचा आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये या चाचण्यांवर वाद झाला. आपल्याकडच्या इतिहासप्रेमी मंडळींत मात्र त्याचा उल्लेखही सहसा होत नाही.

१३/ १९५३ चा ‘पब्लिक हेल्थ रिपोर्ट्स’मधील लेख आज आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. दहा मिनिटांचे वाचन आहे. ज्यांना ‘गुप्त’ हा शब्द अजूनही योग्य वाटतो, त्यांनी त्यातील अंत्यसंस्काराच्या खर्चाविषयीचा भाग आधी वाचावा.