गाठीची खूण आणि साकोलीचा मजूर

जठर-आतड्यांच्या भिंतीत उद्भवणारा ‘जिस्ट’ हा दुर्मीळ कर्करोग. पूर्वी तो शरीरात पसरला की रोगी सरासरी दीड वर्ष जगे. गाठीतील ‘किट’ प्रथिनाची खूण ओळखून इमॅटिनिब देणे सुरू झाले आणि ही मुदत सुमारे पाच वर्षांवर गेली. या औषधावरील नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. स्वस्त देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

हा विजय खरा, पण अर्धा. खूण तपासल्यावाचून गोळी कोणाला द्यायची? साकोलीच्या बांधीत राबणाऱ्या मजुराला नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. रोगी मोजके, म्हणून खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद फसवा आहे. रोगी मोजके, म्हणूनच खर्चही मोजका! गाठीचा तुकडा मेणात बसवून कोठेही पाठवता येतो. प्रवास तुकड्याने करावा, रोग्याने नव्हे.

तालुक्यात नमुना आणि शासकीय प्रयोगशाळेत विनामूल्य तपासणी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे. विज्ञानाने दिलेली वर्षे श्रीमंतांची मिरासदारी नव्हे.